सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनला वाली कोण?

नव्या कंपन्यांच्या पैशांच्या नियोजनाविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांमध्ये या वेळी एकच विषय पुन्हा पुन्हा आला : दर महिन्याला किंवा दर वर्षाला वजा होणारे सॉफ्टवेअरचे शुल्क. त्यांपैकी पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मरोळमध्ये आमची २२ जणांची कंपनी आहे आणि आम्ही गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवातीला ईमेल आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर एवढेच विकत घेतले होते. आता कार्डाच्या स्टेटमेंटवर इतक्या ओळी येतात की त्यांतील निम्म्या कशाच्या आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. आम्ही एक तक्ता केला आहे, पण तो कोणी भरायचा हे ठरलेले नाही, त्यामुळे तो शिळा झाला आहे. या कामासाठी मिळणारे एखादे सॉफ्टवेअर घ्यावे का?
— एक संस्थापक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : ‘तो कोणी भरायचा हे ठरलेले नाही’ या आपल्याच शब्दांत उत्तराचा मोठा भाग आहे. सॉफ्टवेअरचा खर्च भाड्यासारखा किंवा पगारासारखा एका ठिकाणाहून मंजूर होत नाही. भाडेकरारावर संचालकाची सही लागते आणि पगारपत्रक महिन्यातून एकदा कोणाच्या तरी नजरेखालून जातेच. सबस्क्रिप्शन मात्र एखादा सहकारी कामाच्या घाईत चौदा दिवसांच्या मोफत चाचणीसाठी कार्डाचा क्रमांक टाकतो तेव्हा सुरू होते. पुढे ते काम संपते, कधी तो सहकारीही नोकरी सोडून जातो, आणि कार्डावरची वजावट मात्र चालूच राहते. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नसतो. निर्णय घेणारा आणि पैसे भरणारा यांची गाठच पडत नाही, एवढेच.

म्हणून सुरुवात तक्त्यापासून न करता बँकेच्या नोंदींपासून करावी. कंपनीची सर्व कार्डे, चालू खाते आणि संस्थापकांनी स्वतःच्या खिशातून करून नंतर परत घेतलेला खर्च यांची मागील तेरा महिन्यांची स्टेटमेंट समोर घ्यावीत. बाराऐवजी तेरा घ्यावीत, कारण वर्षातून एकदाच वजा होणारी रक्कम तारीख थोडी मागेपुढे झाल्यास बारा महिन्यांच्या कडेवरून निसटते. नोंदी वाचताना दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली म्हणजे स्टेटमेंटवरचे नाव आणि सॉफ्टवेअरचे नाव पुष्कळदा जुळत नाही. अनेक लहान परदेशी कंपन्या आपली वसुली पॅडलसारख्या मध्यस्थामार्फत करतात. मग ओळीवर पॅडलचे नाव ठळक दिसते आणि त्यामागचे सॉफ्टवेअर कोणते हे पुष्कळदा त्या तारखेच्या पावतीचा ईमेल शोधल्याशिवाय उलगडत नाही. दुसरी म्हणजे डॉलरमधील शुल्क तेच असले तरी रुपयांतील रक्कम दर महिन्याला थोडी बदलते, त्यामुळे सारखी रक्कम शोधण्यापेक्षा साधारण त्याच तारखेला येणारी ओळ शोधावी. आपले कार्यालयीन ईमेल गूगल वर्कस्पेसवर असतील तर ॲडमिन कन्सोलमध्ये आणखी एक उपयुक्त यादी मिळते : सहकाऱ्यांनी कार्यालयाचे गूगल खाते वापरून बाहेरच्या कोणकोणत्या ॲपमध्ये प्रवेश केला आहे त्याची. त्यात मोफत ॲपही असतील, पण आज मोफत असलेले ॲप उद्या पैसे मागू लागते, म्हणून त्यांचीही नोंद असलेली बरी.

एवढे झाले की तक्ता भरायला घ्यावा. सॉफ्टवेअरचे नाव, ते कशासाठी लागते, कोणती योजना, किती लायसन्सचे (माणशी वापर-परवान्यांचे) पैसे भरतो आणि त्यांपैकी किती लायसन्स गेल्या महिन्यात प्रत्यक्ष वापरली गेली, चलन, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि बिल कोणत्या ईमेलवर येते एवढी माहिती पुरे. मात्र दोन रकाने असे आहेत की ते नसतील तर बाकीचा तक्ता व्यर्थ आहे. एक, जबाबदार व्यक्तीचे नाव. तेथे ‘टेक टीम’ किंवा ‘मार्केटिंग’ असे लिहिलेले चालणार नाही. एका माणसाचेच नाव हवे, आणि ते सॉफ्टवेअर का हवे याचे उत्तर त्याला देता आले पाहिजे. दोन, निर्णयाची शेवटची तारीख. बहुतेक जण नूतनीकरणाची तारीख लिहितात आणि तेथेच चुकतात. मोठ्या योजनांच्या करारांत रद्द करायचे असल्यास ३० किंवा ६० दिवस आधी लेखी कळवावे अशी अट असते, आणि ती मुदत उलटली की करार आपोआप आणखी एका वर्षासाठी पुढे जातो. नूतनीकरण ३१ मार्चला आणि सूचनेची मुदत ६० दिवसांची असेल तर आपल्या तक्त्यात जानेवारीच्या मध्याची तारीख असायला हवी, म्हणजे विचार करायलाही दोन आठवडे मिळतात.

तक्ता ताजा ठेवण्याचे काम लेखा विभागातील एकाच व्यक्तीकडे द्यावे आणि तिला एक अधिकारही द्यावा : ज्या सॉफ्टवेअरपुढे जबाबदार माणसाचे नाव नाही, त्याचे पुढचे शुल्क भरण्यापूर्वी सर्वांना ईमेलने विचारायचे आणि ठरलेल्या दिवसांत कोणी पुढे आले नाही तर त्यातील माहिती उतरवून घेऊन ते बंद करायचे. हा अधिकार नसलेल्या माणसाने भरलेला तक्ता केवळ नोंदवही होते. महिन्यातून एकदा अर्धा तास संस्थापकांनी तिच्याबरोबर बसावे आणि त्या महिन्यात वाढलेल्या रकमा व पुढच्या तीन महिन्यांत येणाऱ्या निर्णयाच्या तारखा एवढेच पाहावे.

राहिला खास सॉफ्टवेअर घेण्याचा प्रश्न. २२ जणांच्या कंपनीला माझ्या मते त्याची गरज नाही. अशी सॉफ्टवेअर बँकेच्या नोंदी आपोआप वाचतात हे खरे, पण निर्णय घेणारा माणूस ती नेमून देत नाहीत. आणि तो नेमल्यावर साधी स्प्रेडशीट पुष्कळ दिवस पुरते.

प्रश्न : आमची बहुतेक सॉफ्टवेअर परदेशी आहेत आणि कार्ड माझ्या वैयक्तिक नावावर आहे. काही बिलांवर १८ टक्के कर लागतो, काहींवर लागत नाही. आमच्या कंपनीची जीएसटी नोंदणी आहे. यात आमचे काही नुकसान होत आहे का?
— एक वाचक, दादर (पश्चिम)

उत्तर : होत असण्याची दाट शक्यता आहे. परदेशातील कंपनीकडून ऑनलाइन सेवा घेणारा ग्राहक जीएसटीखाली नोंदणीकृत नसेल तर त्याच्याकडून १८ टक्के कर वसूल करून सरकारकडे भरण्याची जबाबदारी त्या परदेशी कंपनीवर असते. ग्राहक नोंदणीकृत असेल तर तीच सेवा ‘रिव्हर्स चार्ज’खाली येते, म्हणजे परदेशी कंपनी कर लावत नाही, आपण स्वतः तो भरायचा आणि धंद्यासाठी घेतलेल्या सेवेवर तेवढेच इनपुट टॅक्स क्रेडिट घ्यायचे, म्हणजे तो कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करायचा. ज्या बिलांवर १८ टक्के लागले आहेत, त्या खात्यांत आपण बहुधा जीएसटी क्रमांक भरलेलाच नाही आणि त्या कंपन्या आपल्याला घरगुती ग्राहक समजत आहेत. असा कर खर्चातच जातो, परत मिळत नाही.

आकड्यांत पाहू. दरमहा दरमाणशी १२ डॉलरचे सॉफ्टवेअर २२ जणांसाठी घेतले आणि उदाहरणापुरता डॉलर ९० रुपयांचा धरला, तर महिन्याचे २३,७६० रुपये होतात. त्यावरील १८ टक्के म्हणजे ४,२७७ रुपये, वर्षाचे सुमारे ५१,३०० रुपये. खात्यात कंपनीचे नाव आणि १५ अंकी जीएसटी क्रमांक न भरल्याची ही किंमत आहे. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तो प्रत्येक सॉफ्टवेअरच्या बिलिंग विभागात जाऊन तपासून घ्यावा. याखेरीज डॉलरमधील व्यवहारावर अनेक बँका ३.५ टक्क्यांपर्यंत मार्कअप (परकीय चलनासाठीचा जादा आकार) आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी लावतात. याच उदाहरणात तो महिन्याला सुमारे ९८१ रुपये, म्हणजे वर्षाला पावणेबारा हजारांच्या घरात जातो. कमी मार्कअपची कार्डेही मिळतात, आणि तेच सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतीय शाखेकडून रुपयांत मिळत असेल तर हा खर्च मुळातच उरत नाही. तसे बिल साध्या देशी बिलासारखे असते आणि आपल्याला मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या जीएसटीआर-२बी या विवरणात त्याची नोंद दिसते.

रिव्हर्स चार्जविषयी आपल्या सीएंशी बोलताना तीन मुद्दे स्पष्ट करून घ्यावेत. हा कर इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमधून (जीएसटी पोर्टलवरील आपल्या रोख रकमेच्या खात्यातून) रोखच भरावा लागतो, साठलेल्या क्रेडिटमधून वळता करता येत नाही. जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्रात भरलेल्या कराचे क्रेडिट साधारणपणे त्यातच घेता येते, म्हणून निव्वळ भार शून्य असला तरी रोख रकमेची तजवीज आधी करावी लागते. तसेच पुरवठादार नोंदणीकृत नसल्यामुळे आपणच स्वतःच्या नावे इनव्हॉइस काढायचे असते, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून त्यासाठी सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत नियमातच घातलेली आहे. एखाद्या वर्षाचे राहिलेले क्रेडिट घेण्याची शेवटची संधी पुढील आर्थिक वर्षातील ३० नोव्हेंबरला किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले असल्यास त्या दिवशी संपते.

वैयक्तिक कार्डाने पैसे भरणे हा त्यामानाने लहान दोष आहे. बिल आपल्या वैयक्तिक नावावर असणे हा मोठा. कंपनीच्या नावाचे बिल नसेल तर क्रेडिटचा दावा टिकत नाही आणि खर्चाची नोंदही लंगडी पडते. तरीही कार्ड लवकरात लवकर कंपनीच्या नावाचे करून घ्यावे, कारण उद्या आपण कंपनीतून बाहेर पडलात तर तिची अर्धी यंत्रणा आपल्या कार्डाबरोबर बंद पडेल.

प्रश्न : विक्रेते वार्षिक योजनेवर चांगली सवलत देतात. ती घ्यावी की दरमहाच भरत राहावे? एका डिझाइन सॉफ्टवेअरची ‘दरमहा’ समजून घेतलेली योजना रद्द करताना आम्हाला मोठे शुल्क भरावे लागले. त्याविरुद्ध दाद मागता येते का?
— एक वाचक, पवई

उत्तर : वार्षिक योजनेचा निर्णय सवलतीच्या टक्केवारीवरून करू नये. ते सॉफ्टवेअर आपल्याकडे सहा महिने रोजच्या वापरात आहे का आणि वापरणाऱ्यांची संख्या स्थिर आहे का, हे पाहावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर वार्षिक घ्यावे, पण आजच्या संख्येपेक्षा थोडी कमी लायसन्स घ्यावीत. वार्षिक करारात लायसन्स वाढवता येतात, कमी मात्र बहुधा नूतनीकरणाच्या वेळीच करता येतात. हातातली रोकड आठ-दहा महिने पुरेल एवढीच असेल तर सवलत कितीही मोहक वाटली तरी दरमहाच भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वार्षिक रक्कम भरलीत तर हिशेबात ती एका महिन्यात टाकू नये. १ ऑक्टोबरला १,२०,००० रुपये भरले असतील तर दरमहा १०,००० रुपये खर्च दाखवावा. ३१ मार्चला ६०,००० रुपये खर्ची पडलेले असतील आणि उरलेले ६०,००० आगाऊ दिलेला खर्च म्हणून ताळेबंदात राहतील. असे केले नाही तर ऑक्टोबर महिना विनाकारण तोट्याचा दिसतो आणि पुढचे अकरा महिने खोटे स्वस्त दिसतात.

आपण घेतलेली योजना बहुधा ‘वार्षिक बांधिलकी, दरमहा भरणा’ या प्रकारची असावी. तीत हप्ता महिन्याचा असतो, पण बांधिलकी वर्षाची असते आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा काही भाग आकारला जातो. अशाच योजनेतील मुदतपूर्व रद्द करण्याचे शुल्क ग्राहकांपासून दडवल्याचा आरोप करून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीवरून तेथील न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयी, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ (रद्द करणे अवघड करून ठेवणे) व ‘सास बिलिंग’ (ऑनलाइन सॉफ्टवेअरचे शुल्क गुपचूप वसूल करत राहणे) हे दोन्ही त्यांत आहेत. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यालाच तेथे अपवाद आहे. आपली कंपनी खासगी मर्यादित असल्यास ग्राहक आयोगापेक्षा विक्रेत्याकडे लेखी मागणी करणे, योजना निवडतानाच्या पानाचे चित्र जोडणे आणि शुल्काऐवजी पुढच्या खरेदीत वळती रक्कम मागणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. असे मागितल्यावर ते मिळालेले मी पाहिले आहे.

प्रश्न : आमचा सर्वांत मोठा आकडा क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचा आहे आणि तो दर महिन्याला वेगळा येतो. त्यात आता एआयच्या वापराचे बिल वाढू लागले आहे. याचा अंदाजच बांधता येत नसेल तर हिशेब कसा ठेवायचा?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : माणशी शुल्क आणि वापरानुसार शुल्क हे दोन वेगळे प्राणी आहेत, त्यांना एकाच तक्त्यात कोंबू नये. माणशी शुल्कात दरमहा लायसन्स मोजायची असतात. क्लाउडमध्ये कोणत्या कामासाठी कोणते यंत्र चालू आहे हे माहीत असावे लागते, आणि ते तांत्रिक प्रमुखालाच माहीत असते. म्हणून प्रत्येक सर्व्हरला, डिस्कला आणि डेटाबेसला प्रकल्पाचे व व्यक्तीचे नाव असलेला टॅग लावण्याचा नियम करावा आणि टॅग नसलेल्या गोष्टींची यादी दर आठवड्याला त्यांच्याकडे जावी.

न दिसणारा खर्च बहुधा बंद केलेल्या गोष्टींच्या मागे उरलेला असतो. सर्व्हर बंद केला तरी त्याची डिस्क वेगळी ठेवली असेल तर तिचे भाडे चालूच राहते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस ही क्लाउड कंपनी १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी (इंटरनेटवर सर्व्हर ओळखणाऱ्या क्रमांकासाठी) तासाला ०.००५ डॉलर आकारते, मग तो पत्ता वापरात असो वा नसो. एका पत्त्याचे महिन्याला साडेतीन डॉलरच्या आसपास होतात. चाचणीसाठी उघडलेले वीस-पंचवीस पत्ते विसरले गेले तर ती रक्कम नजरेत भरते. विकासकांसाठीचे चाचणी सर्व्हर रात्री आणि शनिवार-रविवारी आपोआप बंद होतील अशी व्यवस्था केल्यास आठवड्यातील १६८ तासांपैकी सत्तरएक तासच ते चालतात. एवढी बचत एखाद्या विक्रेत्याशी घासाघीस करून होत नाही.

बजेटच्या सूचनांविषयी एक गैरसमज मला वारंवार आढळतो. क्लाउडमध्ये बजेट ठरवले म्हणजे खर्च तेथे थांबतो असे नाही. ती मर्यादा ओलांडल्याचा ईमेल येतो, यंत्रे मात्र चालूच राहतात, आणि खर्चाचे आकडेही काही तासांनी उशिरा दिसतात. म्हणून सूचना ५०, ८० आणि १०० टक्क्यांवर लावाव्यात आणि त्या एकट्या संस्थापकाच्या ईमेलवर न पाठवता दोघा-तिघांना पाठवाव्यात. एआयच्या बाबतीत शक्य तेथे आगाऊ रक्कम भरून घ्यावी आणि ती संपल्यावर आपोआप पुन्हा भरली जाण्याची सोय बंद ठेवावी. ओपनएआयच्या एपीआयमध्ये (आपल्या सॉफ्टवेअरमधून एआय वापरण्याच्या सोयीत) तशी निवड करता येते. प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी एपीआय की (त्या सोयीचा पासवर्डसारखा संकेत) ठेवली तर बिल कोणाच्या वापराचे हे कळते, आणि एखादी की चुकून सार्वजनिक कोडमध्ये गेली तर तेवढीच रद्द करता येते.

नव्या कंपन्यांना मिळणारी मोफत क्लाउड क्रेडिट्स ठरावीक मुदतीची असतात. ती चालू असतानाही मूळ किमतीने खर्च किती झाला हे दरमहा लिहून ठेवावे. अन्यथा ज्या महिन्यात ती संपतात त्या महिन्यात पहिले खरे बिल थेट बँक खात्यावर येऊन आदळते.

आपण पत्रात ओटीपीअभावी पैसे न गेल्याने सेवा बंद पडल्याचेही लिहिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती (ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या) व्यवहारांसाठी ग्राहकाची नोंदवलेली संमती आणि वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना आवश्यक झाली. अशा सर्वसाधारण व्यवहारांसाठी दर वेळी ओटीपी न लागण्याची मर्यादा जून २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपये करण्यात आली. त्याहून मोठे बिल असेल तर ओटीपी ज्या फोनवर येतो तो माणूस त्या दिवशी उपलब्ध हवा. मोठ्या बिलांसाठी विक्रेत्याकडे बँक हस्तांतरणाची सोय मागावी, आणि २४ तास आधीची सूचना लेखा विभागाच्या सामाईक ईमेलवर वळवावी. नको असलेले सबस्क्रिप्शन थांबवण्याची तीच शेवटची वेळ असते.

प्रश्न : नोकरी सोडून गेलेल्या लोकांची ईमेल खाती आम्ही ‘सस्पेंड’ करून ठेवली आहेत. त्यांचे पैसे लागत नाहीत ना?
— एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : लागतात. गूगल वर्कस्पेसमध्ये सस्पेंड केलेल्या खात्याचे शुल्क चालू खात्याइतकेच आकारले जाते. खाते सस्पेंड करणे हा नोकरी सोडण्याच्या दिवशीचा तात्पुरता उपाय आहे. त्यानंतर त्या व्यक्तीच्या ड्राइव्हमधील फायली तिच्या वरिष्ठाकडे हस्तांतरित कराव्यात, जुन्या ईमेलची प्रत काढावी, तिच्या नावाने इतर कोणती सॉफ्टवेअर उघडली होती ते तक्त्यात पाहून त्यांची मालकी दुसऱ्याच्या नावे करावी आणि मगच खाते हटवावे. खाते हटवल्यावर २० दिवसांच्या आत ते परत आणता येते, नंतर नाही. त्यामुळे हटवतानाच पंधराव्या दिवसाची आठवण कॅलेंडरवर लावून ठेवावी आणि त्या दिवशी संबंधित वरिष्ठाकडून ‘सर्व मिळाले’ असे लेखी घ्यावे. आपली योजना वार्षिक असेल तर खाते हटवूनही त्या लायसन्सचे पैसे नूतनीकरणापर्यंत भरावेच लागतील. ते रिकामे लायसन्स पुढच्या नव्या सहकाऱ्याला द्यावे आणि तोवर नवे विकत घेऊ नये.